अडीच बिस्किटं

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.

आधी या वहीची माफी. लिहायला फार उशीर झाला. गेल्या जूनमध्ये मुलीने ही वही रोजचं ब्लड प्रेशर लिहायला दिली होती. पहिल्या पानावर तीन आकडे आहेत आणि तिसऱ्यापुढे मीच प्रश्नचिन्ह काढलेलं आहे. त्यानंतर एकदम आज. मशीनच्या बॅटऱ्या संपल्या होत्या. शिवाय माझं प्रेशर मला मशीनशिवाय कळतं. आत्ता वाढलेलं आहे.

कारण, काल मुलीचा फोन आला. शाळेला २९ तारखेपासून सुटी. मी म्हटलं, भिंगरीला आठ दिवस इकडे पाठव. भिंगरी म्हणजे नात, वय नऊ. दोन मिनिटं एका जागी बसत नाही म्हणून मीच ठेवलेलं नाव. मुलगी म्हणाली, बघू.

तिचं बघू मी ओळखतो. आईकडून उचललंय. बघू म्हणजे नाही.

ऑगस्टपासून पोरगी या घरात राहिलेली नाही. येतात, तासभर बसतात, पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं पितात. का, तर मी दिलेलं एक बिस्किट. तिला शेंगदाणा चालत नाही, बिस्किटात शेंगदाणा निघाला. ओठ जरा सुजले. एवढंच. त्यात माझा दोष काय? पुड्यावर धड लिहिलेलं नव्हतं. लिहिलं असेल तर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. आणि पोरीने तेव्हा विचारलं असतं तर मी वाचलं नसतं का?

मी एकतीस वर्षं डबाबंद फळांच्या कारखान्यात होतो. लेबल विभाग. शाळा चौथीत सुटली, पण लेबल म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये.

आजपासून संकल्प. घरातलं एकूण एक लेबल वाचायचं. चोरी पकडायची. कंपनीकडून लेखी माफी घ्यायची, मुलीपुढे ठेवायची. २९ तारखेला भिंगरी इथे.


४ मार्च, मंगळवार

सुरुवात बिस्किटांपासून. तोच ब्रँड मुद्दाम आणला, साधी बटरची. मागे तक्ता आहे. एक सर्व्हिंग म्हणजे अडीच बिस्किटं.

अडीच! उरलेलं अर्धं कुणी खायचं? पुड्यात बिस्किटं अकरा. म्हणजे चार सर्व्हिंग आणि एक बिस्किट बेवारस. हिशोब पडताळायला पाच खाल्ली. दोन सर्व्हिंग झाल्या. खात्री व्हावी म्हणून परत पाच. ही म्हणाली, अहो, तुमची शुगर. मी म्हटलं, मी खात नाहीये, तपासतोय. ती म्हणाली, मग तपासून झालं की तोंड पुसा.

अकरावं तिला दिलं. तिने घेतलं नाही. तेही तपासलं.


५ मार्च, बुधवार. दुपारी ३.

ज्यूसचा खोका. पुढे आठ फळांचं चित्र. पानांवर दव आहे, एका पेरूला तर हसू फुटायचं बाकी आहे. मागे: पाणी, साखर, आम्ल, रंग, आणि शेवटी ‘फळांचा गर, दोन टक्के’. आठ फळांत दोन टक्के. प्रत्येक फळाच्या वाट्याला पाव टक्का. कारखान्यात आम्ही याला फळ दाखवून परत नेणं म्हणायचो.

दुसऱ्या बाटलीवर पुढे ‘साखर घातलेली नाही’. मागे साखर बावीस ग्रॅम. घातलेली नाही तर गेली कशी? चालत?

ओट्सच्या डब्यावर वाडगा, स्ट्रॉबेरी, मध, खिडकीतलं ऊन आणि एक हसणारी बाई. खाली बारीक, ‘चित्र केवळ कल्पनेसाठी’. डबा रिकामा केला. ओट्स आहेत. बाकी काही नाही. बाई तर नाहीच.

चहाच्या पुड्यावर ‘नवीन!’ आणि त्याखाली ‘तीच जुनी चव’. माणसाला वेड लागायची वेळ. मिठाचं तर विचारू नये. डोंगराच्या पोटात लाखो वर्षं पडलेलं मीठ, असं पुढे लिहितात. मागे लिहितात, येत्या नोव्हेंबरपर्यंत वापरा. लाखो वर्षं टिकलं आणि माझ्या घरात आल्यावर आठ महिन्यांत खराब होणार. हा या घराचा अपमान आहे.


७ मार्च, शुक्रवार

जॅमच्या बरणीवर ग्राहक सेवेचा नंबर होता. लावला. आधी वीस मिनिटं बाजा. मग एक बाई. तिने मला अकरा वेळा सर म्हटलं, मी मोजलं. मी म्हटलं, बाई, झाकणावर लिहिलंय, तारखेसाठी तळ पहा. तळावर लिहिलंय, तारखेसाठी झाकण पहा. मी बरणी उलटीसुलटी करतोय, सगळा जॅम हातावर आला. ती म्हणाली, सर, तक्रार नोंदवायला बॅच नंबर लागेल. मी विचारलं, तो कुठे असतो? म्हणाली, सर, तारखेच्या शेजारी.

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. हिने दार लावून घेतलं, एवढं सांगतो.

नंतर म्हणाली, एवढं जिवाला लावून घेता, त्यापेक्षा डोळे दाखवून या. मुलीनेही तेच सांगितलंय म्हणे. बाबांनी आधी डोळे तपासावेत, मग पुढचं. म्हणजे ह्या दोघी माझ्यामागे बोलतात. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. अक्षरं लहान झालीत.


९ मार्च, रविवार

आज कामाला खरी शिस्त आली. नुसतं वाचून उपयोग नाही, पुरावा पाहिजे. म्हणून फाइल केली. लेबलं डब्यांवरून काढून, नंबर घालून, फाइलला.

लेबल काढणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. लोक नखाने खरवडतात. अडाणी. किटलीची वाफ द्यायची, शिवण शोधायची, सुरीचं पातं आडवं सरकवायचं. अख्खं लेबल सालीसारखं सुटून येतं. एकही फाटलं नाही. बारा डबे, बारा लेबलं. हात अजून तसाच आहे.

पुरावा क्रमांक एक मात्र जुना. तो बिस्किटाचा पुडा, त्या दिवसाचा. मी तेव्हाच उचलून पाकिटात घालून डिंकाने बंद केला होता. फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवला. उघडला नाही. उघडायची गरजच काय? आत काय आहे ते मला माहीत आहे.


१० मार्च, सोमवार

ही ओरडली. स्वयंपाकघरात बारा नागडे डबे. म्हणाली, मटार कुठला? मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी डबा हलवून सांगतो. कारखान्यात डबे आमच्याकडे बिनलेबलाचेच यायचे. सगळे सारखे, चकचकीत, वर खडूची खूण. खूण पुसली की फोरमन मला हाक मारायचा. मी कानाशी धरून हलवायचो आणि सांगायचो, पीच, अननस, मटार. एकदाही चुकलो नाही. निदान परत कुणी आलं नाही सांगायला.

डबा हलवला. म्हटलं, हा मटार. हिने उघडला. चेरी.

मी म्हटलं, पूर्वी पत्रा जाड असायचा, आवाज खरा यायचा. जेवणात चेरी होती. नुसती.

संध्याकाळी मुद्दाम मटार विकत आणला. पुन्हा बारा झाले. त्याचंही लेबल काढलं. आधी काढायला नको होतं असं आता वाटतं, पण त्यावर ‘ताजा’ असं लिहिलं होतं. दोन वर्षं टिकणारा ताजा. सोडणार कसं?


१२ मार्च, बुधवार

दुकानात गेलो. सकाळी दहा ते सव्वाबारा, एका फळीपुढे. ‘परिवार पॅक’ हातात घेतला, मागे ‘दोन जणांसाठी’. ‘तीस टक्के जास्त’ घेतलं, जुन्यापेक्षा बुटकं. एका सूपवर ‘घरच्यासारखं’ आणि खाली अभिमानाने ‘मानवी हाताचा स्पर्श न झालेलं’. कुणाच्या घरासारखं?

हे सगळं मी मोठ्याने वाचत होतो. लोकांना कळायला पाहिजे. एक बाई तिचं सामान तिथेच ठेवून निघून गेली. दुकानदार आला, काका, जरा बसा म्हणाला, स्टूल दिलं. मला वाटलं मान दिला. स्टूल दाराबाहेर ठेवलेलं होतं.

वर भिंगही दिलं. म्हणाला, घ्या काका, तुमच्यासाठीच ठेवलंय. मी म्हटलं, मला गरज नाही. घेतलं मात्र. नाही घेतलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं.

आणि आजच हाती मोठं घबाड लागलं. भाज्यांचं सूप, डबा. पुढे गाजर, वाटाणा, सगळं साळसूद. मागे नवव्या ओळीत, कंसात: घट्टपणासाठी शेंगदाण्याची पूड. भाज्यांच्या सुपात! मी पकडलं. भिंग नुसतं हातात होतं, जवळजवळ वापरलं नाही.

डबा विकत आणला. मुलगी आली की तिच्यासमोर ठेवायचा आणि म्हणायचं, बघ, तुझ्या बापाच्या नजरेतून नववी ओळ सुटत नाही. आता बोल.

लेबल काढलं. पुरावा क्रमांक पंधरा. डबा बाकीच्या बारांजवळ ठेवला.


१४ मार्च, शुक्रवार

बिस्किट कंपनीला पत्र. नऊ पानं. पहिली तीन पानं माझा अनुभव. मग अडीच बिस्किटांचा मुद्दा. मग मुख्य मागणी: गेल्या ऑगस्टमध्ये तुमच्या पुड्यावर शेंगदाण्याची सूचना धड नसल्यामुळे माझ्या नातीला त्रास झाला, दोन दिवस दवाखान्यात राहावं लागलं, तरी चूक तुमची आहे, आजोबांची नाही, असं लेखी द्यावं. शिक्का मारून.

दोन दिवस लिहावं लागलं, कारण कागदोपत्री खरं लिहावं लागतं. नाकाला नळी होती हे मात्र लिहिलं नाही. त्याचा लेबलाशी संबंध नाही.

ही वाचत होती माझ्या खांद्यावरून. म्हणाली, त्यांनी तुमचा पुडा मागितला तर? मी म्हटलं, पाठवीन की. म्हणाली, मग आधी स्वतः उघडून बघा ना एकदा. बाईमाणसाला कायद्याचं समजत नाही. सीलबंद पुरावा उघडला की त्याची किंमत जाते.


१९ मार्च, बुधवार. दुपारी १२.

उत्तर आलं! आणि सोबत खोका!

खोक्यावर लिहिलेलं ‘इथे उघडा’. तिथे सोडून सगळीकडे फाटला. पक्कड आणली.

पत्र चार ओळींचं. प्रिय ग्राहक, आमची उत्पादनं आपल्या कुटुंबाला एवढी आवडतात हे वाचून आनंद झाला. सोबत छोटीशी भेट. आपल्या तक्रारीच्या तपासासाठी संबंधित पुड्याच्या पुढच्या बाजूचा फोटो पाठवावा.

भेट म्हणजे बिस्किटांचे सहा पुडे. सहावा शेंगदाण्याचा.

नऊ पानं लिहिली, एक वाचलं नाही हरामखोरांनी. आणि फोटो कशाला पाहिजे? पुढच्या बाजूचा? मी मागच्या बाजूबद्दल बोलतोय. हे लोक मुद्दा भरकटवतात.

शेंगदाण्याचा पुडा हिने चिमट्याने उचलला, पिशवीत घातला, पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि जाऊन बाहेरच्या कचऱ्यात टाकून आली. परत येऊन ओटा साबणाने पुसला. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.


२० मार्च, गुरुवार

हिला मुलीचा फोन. शनिवारी येतायत. तिघंही. म्हणाली, आई, आधी घर बघते, पटलं तर भिंगरीची बॅग गाडीत आहेच, ठेवून जाते, सुटी लागली की ती येईल.

बॅग गाडीत आहेच! म्हणजे ठरलंच आहे. बघणं नावाला. मी सांगतच होतो की थोडा दम धरला पाहिजे.

फक्त एक आहे. तेरा नागडे डबे बघून जावई तोंड वाकडं करेल. त्याचं तोंड मूळचंच तसं आहे, पण निमित्त कशाला द्या. लेबलं परत लावायची. हातखंडा काम.


२१ मार्च, शुक्रवार. रात्रीच्या जेवणाआधी.

झालं. तेरा डबे, तेरा लेबलं. गव्हाच्या पिठाची खळ केली, ब्रश नाही, बोटाने. एक सुरकुती नाही, एक बुडबुडा नाही, शिवणीला शिवण. ओळीत मांडले. दुकानातसुद्धा इतके सरळ नसतात. फोरमन असता तर रडला असता.

कुठल्या डब्याला कुठलं, हा प्रश्न हिने काढलाच. मी सांगितलं, हलवून. ती म्हणाली, चेरीसारखं? मी म्हटलं, त्या दिवशी तू मागे नळ सोडला होतास.

काही डब्यांच्या बाबतीत थोडा अंदाज घेतला. अनुभवी माणसाचा अंदाज म्हणजे माहितीच.

एक जुनी गोष्ट आठवली. कारखान्यात एकच जॅम दोन लेबलांत जायचा. अर्ध्या बरण्यांना ‘राजेशाही’, अर्ध्यांना ‘घरगुती’. राजेशाही दुप्पट भावाने. लोक शपथेवर सांगायचे की राजेशाहीची चव वेगळीच. तेव्हा आम्ही हसायचो. लेबल नीट बसलं की आत काय आहे ते कोण विचारतंय.


२२ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६.

थोडक्यात लिहितो.

अकराला आले. भिंगरी उंच झालीय. माझ्या खांद्याला लागते. धावत येईल वाटलं होतं. आली, पाया पडल्यासारखं वाकली, आईकडे बघितलं, आणि मग मला मिठी मारली. मिठी मारायच्या आधी कुणाकडे बघायची नाही ती पूर्वी.

मुलगी सरळ स्वयंपाकघरात. डब्यांची रांग बघून खूश झाली. खरंच झाली. बाबा, किती नीट ठेवलंय, म्हणाली. मला तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

पण मी सुपाचा डबा काढला. सगळ्यांना बोलावलं. जावयालाही. म्हटलं, ही बघा नववी ओळ. वाचून दाखवली, न अडखळता. पाठच झाली होती. मुलगी म्हणाली, अरे वा बाबा, हे तर माझ्याही लक्षात आलं नसतं. जावई म्हणाला, मानलं तुम्हाला. तो मला मानत नाही कधी. भिंगरीने टाळ्या वाजवल्या. म्हणाली, मग मी बॅग आणू? आणि चप्पल घालायलाही लागली.

ही म्हणाली, डबा मात्र टाकून द्या आता, घरात नको. मुलगी म्हणाली, उघडून ओतून देते, नुसता टाकला तर कुणीतरी उचलेल. तिने उघडला.

पीच.

पाकातले पीच. पिवळेधमक. सगळे त्या डब्यात बघत होते, मी भिंतीकडे.

मुलीने लेबल बघितलं, कडेला नखाने दाबलं. खळ ओली होती. मग तिने मटार घेतला. उघडला. अननस. मशरूम उघडला. मटार. मी म्हणालो, हे बघ, कंपन्या कशा... तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी वाक्य तिथेच सोडलं.

तिने अगदी हळू विचारलं. बाबा, मग ते सूप कुठल्या डब्यात आहे?

दहा डबे उरले होते. सगळ्यांची लेबलं सरळ.

मी एक उचलून हलवला.

जावई म्हणाला, ठेवा बाबा तो खाली. रागाने बोलला असता तर बरं झालं असतं.

भिंगरी कंपनीच्या भेटीतला पुडा हातात घेऊन उभी होती, बटरचा, तो मीच तिच्यासाठी टेबलावर ठेवला होता. पुढून वाचला, मागून वाचला, बोट ठेवून, ओठ हलवत. मग मला विचारलं, आजोबा, हे लेबल तुम्ही चिकटवलंय का? मी म्हटलं, नाही गं, हे कंपनीचं. तिने तरी पुडा परत टेबलावर ठेवला. हात फ्रॉकला पुसले.

पावणेबाराला गेले. बॅग गाडीतून उतरलीच नाही.


२३ मार्च, रविवार

शांतपणे विचार केल्यावर दोष कुणाचा ते स्पष्ट होतं.

एक, डबे सगळे एका मापाचे बनवतात. मुद्दाम. दोन, माणसाला लेबल काढायची वेळच का यावी? कंपन्यांनी आणली. तीन, डबा उघडायची घाई. कुणी पाहुणा दुसऱ्याच्या घरात डबे उघडत सुटतो का? आणि पीच निघाले त्यात कुणाला काय अपाय झाला? उलट चांगले होते. मी खाल्ले.

ही दिवसभर उरलेल्या दहा डब्यांकडे पाठ करून काम करते आहे. विचारलं तर म्हणाली, मला त्यांची भीती वाटते. एवढं बोलून कांदा चिरायला लागली. कांदा नंतर आणला, डोळे आधीच ओले होते.


२५ मार्च, मंगळवार. दुपारी २.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. स्वतःहून. आता सगळं मिटेल असं ठरवूनच गेलो. मोतीबिंदू निघाला पाहिजे. दोन्हीकडे निघाला तर उत्तम. डॉक्टरकडून कागद घ्यायचा, मुलीला दाखवायचा. बघ, मला दिसतच नव्हतं. आजारी माणसावर कुणी राग धरत नाही.

डॉक्टर पोरसवदा. तक्ता वाचायला लावला. मी मुद्दाम दुसऱ्या ओळीवर अडलो. तो म्हणाला, आजोबा, आरामात. मशीनमध्ये हनुवटी ठेवायला लावली. मग म्हणाला, या वयाला फारच छान नजर आहे. चष्म्याचा नंबर तोच. मोतीबिंदूची सुरुवातसुद्धा नाही. मी विचारलं, ऑगस्टमध्ये काही झालेलं असू शकतं का? आणि आता बरं झालं असेल? तो हसला. त्याला विनोद वाटला.

कागदावर लिहून दिलं. नजर उत्तम.

रस्त्यात तीन जणांना कागद दाखवला. घरापर्यंत येईस्तोवर तो कागद कुणाला दाखवायचा ते कळेना. खिशात घातला.


२५ मार्च. संध्याकाळी ५.

ही बाजारात गेली आहे.

पाकीट फोडलं.

पुडा पिवळा आहे. पुढे, मधोमध, माझ्या अंगठ्याएवढ्या लाल अक्षरात लिहिलंय: शेंगदाणा बिस्किटं. शेजारी शेंगेचं चित्र. एक फोडलेली, दोन दाणे दिसतायत. मागे परत चौकटीत, जाड ठशात, यात शेंगदाणे आहेत. भिंग लागत नाही. चष्माही लागत नाही. मी चष्मा काढून हात लांब करून पाहिलं. तरी वाचता येतं. खोलीच्या त्या टोकाला जाऊन पाहिलं.

मला वाटायचं बटरची होती. खरंच वाटायचं.


२८ मार्च, शुक्रवार. सकाळी.

दोन दिवस लिहिलं नाही. वहीची परत माफी.

उद्यापासून शाळेला सुटी.

तीन तारखेला मी वर लिहिलंय की पोरीने विचारलं असतं तर मी वाचलं असतं. तिने विचारलं होतं. तिला शिकवलंय, प्रत्येक गोष्टीला विचारायचं. ती टेबलाखाली काहीतरी खेळत होती, डोकं वर काढून म्हणाली, आजोबा, तुम्ही वाचलंत? मी पेपर बघत होतो. म्हटलं, वाचलं गं. तिने घेतलं. माझ्यावर विश्वास ठेवून खाल्लं. अडीच नाही, एकच. एकही खाऊन झालं नव्हतं तोवर तिचा आवाज बसायला लागला.

एकतीस वर्षं मी लेबलं चिकटवली. सरळ लागलंय का तेवढं बघायचो. वाचलं एकही नाही. वाचत बसलो असतो तर फोरमनने हाकललं असतं.

फाइल बंबात घातली नाही, फाडलीही नाही. कपाटावर टाकली. कंपनीला फोटो पाठवणार नाही.

उरलेल्या दहा डब्यांवरची लेबलं परत काढली. वाफ देऊन. ही म्हणाली, आता काय नवीन? मी लेबलांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर जाड पेनने दहा वेळा लिहिलं आणि दहा डब्यांवर चिकटवलं: आत काय आहे माहीत नाही. तिने एक डबा हातात घेऊन बराच वेळ बघितला. म्हणाली, हे पहिलं खरं लेबल लावलंत. शिवण वाकडी आहे मात्र.

होती. सरळ केली नाही.

मग दहाही डबे पोत्यात भरून आम्ही दोघांनी कचरागाडीवर नेऊन दिले. तिने एक टोक धरलं होतं. गाडीवाल्याने विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, वर लिहिलंय.

मुलीला चिठ्ठी लिहिली. पहिली चार पानांची झाली, त्यात कंपन्याच जास्त होत्या. फाडली. दुसरी इथे उतरवून ठेवतो, म्हणजे पुढेमागे मी काय लिहिलं होतं त्याबद्दल मलाच काही वेगळं वाटायला नको.

‘त्या दिवशी तिने विचारलं होतं. मी न वाचता वाचलं म्हणालो. पुड्यावर मोठ्या अक्षरात होतं. माझे डोळे चांगले आहेत, डॉक्टरचा कागद सोबत आहे. घरात आता डबे नाहीत. तिला आठ दिवस नको पाठवूस. एक दुपार पाठव. खायला काही देणार नाही, डबा तिने तिकडूनच आणावा. नाहीच पाठवणार असशील तर तसं स्पष्ट कळव, बघू म्हणू नकोस. पण कळव. लवकर कळव.’

पाकिटाला डिंक लावला. पत्ता तीनदा वाचला.